तो खोकडांचा फोटो खरा होता

जालन्यात अजून एखादा भेटतो आणि म्हणतो, "तुमच्या मामांनी रंगवलेला तो खोकडांचा पडदा काय हुबेहूब होता." मी दर वेळी सांगतो, की आधी फोटो होता, पडदा नंतर आला. माळ खरा होता, बीळ खरं होतं, मादी खरी आणि तिची पिल्लंही खरी. समोरचा मान डोलावतो आणि पावसापाण्याचं विचारतो. हैदराबादच्या जुन्या राजवटीत मला हे उघड बोलता येत नव्हतं. आता ती राजवट गेली, बोलायची मुभा मिळाली, तर ऐकून घ्यायला कुणी तयार नाही. म्हणून लिहितो आहे.

आमच्या घरात पुस्तकं कमी आणि राजवटीविरुद्धची, बंदी असलेली पत्रकं फार. वऱ्हाडातून येणाऱ्या कापडाच्या गठ्ठ्यांत दडवून ती यायची. वडील ती वाचून चुलीत घालत, पण घालण्याआधी मला मोठ्यानं वाचायला लावत. मी अक्षरं अशीच शिकलो. 'जुलूम' आणि 'वेठ' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी लिहिता येत होते. पत्रकाला आडपडदा ठाऊक नसतो. काय झालं ते सरळ सांगायचं, कुणी केलं ते सांगायचं आणि शेवटी मागणी करायची. त्यामुळे विशीत पोहोचेपर्यंत मी असंच धरून चाललो होतो, की खरं बोललं की अर्धं काम झालं.

आणि असा मी कामाला लागलो ते मामाच्या फोटोच्या दुकानात.

मस्तगडावर, एका किराणा दुकानाच्या माडीवर मामाचा स्टुडिओ होता. मामा फोटो काढायचा कमी आणि सुधारायचा जास्त. काचेची निगेटिव्ह हातात आली की बारीक टोकाची पेन्सिल घेऊन बसायचा. देवीचे व्रण गेले, सुरकुत्या गेल्या, काळी नवरी उजळली, टकलाला केस आले. मागं दोन पडदे होते, त्यानंच रंगवलेले. एकावर संगमरवरी जिना आणि फुलांच्या कुंड्या, दुसऱ्यावर तळं आणि हंस. जुन्या जालन्यातले अडते, त्यांच्या बायका, शाळामास्तर, सगळे त्या जिन्याशी नाही तर त्या हंसांशी उभे राहून गेले. मी विचारायचो, "मामा, ज्या माणसानं जन्मात हंस पाहिला नाही, त्याच्या मागं हंस कशाला?"

"पाहिला नाही म्हणूनच," मामा म्हणायचा. "पाहिलेलं बघायला तो पैसे कशाला देईल, भाचेबुवा?"

अंधारखोलीत जुन्या काचांच्या पेट्या होत्या. त्यांत शिकारीचे फोटो पुष्कळ. बिबट्या, काळवीट, तडस, रानडुक्कर, आणि प्रत्येकाच्या अंगावर कुणाचा तरी बूट. ते फोटो धुताना माझ्या एकदा ध्यानात आलं, की मी आयुष्यात रानातल्या जिवंत जनावराचा एकही फोटो पाहिलेला नाही. माणसाला जनावर दाखवायचं तर आधी मारावं लागतं, असा जणू कायदाच होता. मला याची फार चीड आली. त्या वयात मला पुष्कळ गोष्टींची चीड यायची, पण ही टिकली.

रामनवमीला मामा आणि मी जांब समर्थला गेलो होतो. यात्रेकरूंचे फोटो काढायचे होते. परतताना संध्याकाळी रस्त्याकडेच्या एका मुरमाड माळावर मला दोन कान दिसले. मोठे, उभे, अंगाच्या मानानं जास्तच मोठे. मग बाकीचं जनावर दिसलं. खोकड. आमच्या शहरातले लोक त्याला कोल्हा म्हणून मोकळे होतात, त्याचाही मला राग आहे. कोल्हा वेगळा. खोकड मांजराहून जरासं मोठं, अंग तांबूस राखी, पाय काटक्यांसारखे, शेपूट झुपकेदार आणि टोकाला काळी. ते उंदीर खातं, टोळ खातं, पडलेली बोरं खातं. कुणाचं काही नेत नाही. आणि त्या संध्याकाळी ते बिळाच्या तोंडाशी बसलं होतं आणि त्याच्या पोटाखालून तीन पिल्लं डोकावत होती.

मी ठरवलं, की हा फोटो काढायचा. बूट नसलेला.

माळाला लागून एका बाईचं शेत होतं. नवरा थकलेला, मुलगा गिरणीत कामाला गेलेला, शेत तीच बघायची. मी तिला मावशी म्हणू लागलो. ज्वारी निघालेली, कडबा रचलेला. मी तिच्या परवानगीनं कडब्याच्या काही पेंढ्या बिळाजवळ नेऊन ठेवल्या. रोज थोड्या पुढं सरकवल्या, म्हणजे मादीला त्यांची सवय व्हावी. मग एके पहाटे त्या पेंढ्यांत कॅमेरा बसवला. कॅमेऱ्याला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला फुगा. फुगा दाबला की झडप उघडायची. मी फुगा धरून बांधाच्या चरात घोंगडी पांघरून पडायचो.

मावशी विहिरीवर जाता-येता थांबायची.

"काय बाबा, पोरगी बघाया आल्यासारखा बसून राह्यलास. दिसली का?"

"मावशी, हळू बोला."

"माझ्या शेतात मी हळू बोलू? आन तिला काय माझा आवाज ठावं न्हाई? तुझाच वास येऊन राह्यलाय तिला. आंघोळीला साबण लावतोस ना? नको लावू."

मी साबण बंद केला. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली तेव्हा हसत नव्हती.

"लेकरा, हे कुणाला सांगायचं न्हाई. बिलकुल न्हाई. मागं जहागिरीचे लोक हरणाला आल्ते. गावानं हाका घालून हरणं पुढं काढली, गावानं कोंबड्या दिल्या, कुत्र्यांना दूध दिलं. माझी खाट नेली ती आलीच न्हाई. खोकडाची पिल्लं हैत म्हनल्यावर येतीलच. आन खणायला कोण? आम्हीच."

मी शब्द दिला. पत्रकं वाचून वाढलेल्या माणसाचा शब्द होता.

पिल्लं बाहेर यायची ती ऊन तापायच्या आधी. माझी काच संथ, तिच्यावर चित्र उमटायला वेळ लागायचा; तिला प्रकाश हवा आणि समोरचं जनावर स्थिर हवं. स्टुडिओत आम्ही माणसांना दम देऊन बसवायचो. इथं कुणाला दम देणार? कितीतरी सकाळी फुकट गेल्या. मादी कॅमेऱ्याकडे बघायची आणि पिल्लांसकट आत जायची. एका सकाळी मात्र सूर्य वर आला, ऊन आडवं पडलं, मादी पुढचे पाय लांब करून बसली. दोन पिल्लं तिला चिकटून, तिसरं जरा पुढं. मी फुगा दाबला. झडप उघडण्याच्या त्या क्षणात तिसऱ्या पिल्लानं आईकडे मान वळवली. धुतल्यावर काचेवर त्याचं डोकं पुसट दिसलं, जणू दोन तोंडं. बाकी सगळं लख्ख. बिळाच्या तोंडची ताजी माती दिसत होती. मादीच्या कानातले केस दिसत होते.

मामानं ती काच उजेडात धरून फार वेळ पाहिली. नेहमीची पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "यात मला काही करता येत नाही," एवढंच म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकलेली नाही.

वाचनालयातल्या मित्रांना मात्र मी, जागा न सांगता, फोटो दाखवला तेव्हा ते चिडले. आम्ही पाचसहा जण तिथं जमायचो, आणि रात्री एकाच्या घरी पत्रकांच्या नकला उतरवायचो. एक म्हणाला, "माणसं वेठीला जुंपलेली, आणि तू खोकडीचं बाळंतपण बघत बसलास?" मी म्हणालो, की ज्याला बिळातलं पिल्लू खणून काढताना लाज वाटत नाही त्याला माणसाची खाट नेतानाही वाटत नाही, हे दोन जुलूम नव्हेत, एकच आहे. ते हसले. मी आजही तेच म्हणतो.

चूक मामानं केली. मला न विचारता त्यानं त्या काचेची मोठी प्रत काढली आणि जिन्याखालच्या दर्शनी कपाटात, दोन नवरदेवांच्या मध्ये लावली. मी भांडलो. मामा म्हणाला, "गाव कुठं लिहिलंय त्यावर? माळ तो माळ. सगळे सारखेच." प्रत काढून घ्यायला मी निघालो होतो, तोवर जिन्यावर बूट वाजले.

जहागिरीचे पेशकार आले होते. जहागीरदार राहायचे हैदराबादेत, इथला कारभार हा माणूस बघायचा. कोट, फेटा, हातात वेताची छडी, आणि बोलणं असं, की समोरच्यानं आधीच होय म्हटलेलं आहे. त्यांनी कपाटातली प्रत स्वतःच काढून वर आणली होती.

"फोटोवाले, हे कुठलं?"

मामा म्हणाला, "बसा साहेब. चहा सांगतो."

"चहा राहू द्या. हुजुरांचा मुक्काम पुढच्या आठवड्यात इकडं आहे. काही तरी वेगळी भेट नजर करावी म्हणून मी विचारच करत होतो. ही पिल्लं टोपलीत घालून द्यायची. जिवंत. हुजुरांच्या मुलांना खेळायला होतील. आई कुत्र्यांपुढं सोडू. शिकारी कुत्री येणारच आहेत." त्यांनी प्रत माझ्यापुढं धरली. "फोटो तू काढलास म्हणे. जागा सांग."

मी म्हणालो, "सांगणार नाही."

ते वाक्य मी मनात कितीतरी वर्षं तयार ठेवलं होतं. पत्रकात ते अगदी असंच असतं. पण पत्रकात त्याच्या पुढची ओळ काय असते ते आठवेना.

पेशकारांनी मामाकडे पाहिलं. "काय म्हणाला हा?"

मामा हसू लागला. खोटं हसू नव्हतं, पोटातून हसला. "साहेब, पोरगं बरोबर बोललं. आमच्या धंद्याचं गुपित आहे ते. असं दुकानात उभं राहून सांगायला लागलो तर उद्या औरंगाबादचे फोटोवाले माझ्या पोटावर पाय देतील."

"कसलं गुपित?"

"पडदा आहे तो."

मी मामाकडे बघत राहिलो.

"रंगवलेला पडदा," मामा म्हणाला. "जिना झाला, हंस झाले, लोकांना कंटाळा आला. म्हणून माळाचा नवा करायला घेतला. खोकडं त्यावरच काढलीत. भाच्याला म्हटलं, फोटोत कसा येतो बघ जरा. हा तो नमुना. खरी खोकडं अशी फोटोला बसतात होय, साहेब? तुमच्यासारखे साहेब बसत नाहीत."

पेशकारांना ते पटू लागलेलं दिसत होतं. मामाच्या हातून गेलेला प्रत्येक चेहरा रंगवल्यासारखाच दिसायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. खुद्द पेशकारांच्या फोटोतली हनुवटी मामाचीच होती. त्यांनी टेबलावरचं भिंग उचललं आणि प्रत खिडकीशी नेली. मादी पाहिली. माती पाहिली. मग भिंग एका जागी थांबलं.

"आणि हे?" त्यांनी त्या तिसऱ्या पिल्लाच्या डोक्यावर बोट ठेवलं. "चित्रातलं पिल्लू मान हलवतं काय?"

मामानं उगाच टेबलावरची पेन्सिल सरळ केली. हा मुद्दा पेन्सिलीचा नव्हता. आणि पेशकार मामाकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मला तेव्हा काय दिसलं ते सांगतो. कुदळ घेतलेली मावशी दिसली. मागं छडी घेऊन कुणी उभा, आणि ती आपल्याच शेजारचा माळ खणते आहे. टोपली दिसली. मी खरं बोललो तर माझं नाव राहणार होतं आणि पिल्लं जाणार होती. मी गप्प राहिलो तर ते सारखंच झालं असतं, कारण माझ्या गप्प राहण्याचा अर्थ त्या माणसाला कळत होता. ज्या राज्यात खरं बोललं की बीळ खणलं जातं, त्या राज्यात खरं बोलण्याचा धडा मला कुणी का दिला, असा राग मला त्या क्षणी माझ्या वडिलांचाही आला.

"अंगठा लागला," मी म्हणालो.

"काय?"

"काच ओली असताना माझा अंगठा लागला. ओल्या काचेवरचा मसाला सरकतो. माझीच चूक."

पेशकारांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलं, मग हसले. "फोटोवाले, भाच्याला आधी हात धुवायला शिकवा."

"किती सांगू, साहेब," मामा म्हणाला. "ऐकत नाही."

माझ्या आयुष्यातला सगळ्यात नेटका फोटो, आणि त्याच्यासमोर उभं राहून मी माझा हात अडाणी ठरवून घेतला. पण खरा संताप पुढं आहे. पेशकारांनी प्रत टेबलावर टाकली, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "मग असं करा. पडदा पुरा झाला की माझा एक काढा त्याच्यापुढं. बंदुकीसकट. मागं ही खोकडं पळताहेत असं दिसलं पाहिजे. तोच हुजुरांना नजर करतो."

एवढंच. त्याला पिल्लं नको होती, शिकार नको होती, माळ नको होता. त्याला कापड चालणार होतं. कापडावर ज्याचं भागतं त्या माणसासाठी चार जीव आणि एक गाव कुत्र्यांपुढं टाकलं जाणार होतं, आणि ते त्याला सहज जमलं असतं, चहा पिता पिता. त्याच्यात दुष्टपणा असता तर मला इतका राग आला नसता. त्याला फक्त काही तरी द्यायचं होतं.

मामानं गच्चीवर कापड ताणलं आणि माझ्या फोटोवरून माळ रंगवायला घेतला. मी रंग कालवून दिले, दात आवळून. बिळाच्या जागी त्यानं खडक काढला. मग कडेला एक ताड काढला.

"मामा, त्या माळावर ताड नाही."

"म्हणूनच काढला. जागा कुणाला ओळखू येऊ नये." दोन पावलं मागं जाऊन त्यानं डोळे बारीक केले. "शिवाय शोभतोय."

"तुम्ही हे खोकडांसाठी केलंत?"

"खोकडांसाठी? तुझ्यासाठी केलं, मूर्खा. तुला कचेरीत नेला असता तर तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं? 'सांगणार नाही' म्हणे."

मला वाटलं होतं की निदान ते तरी खोकडांसाठी असेल.

पेशकार ठरल्या दिवशी आले. एक शिकारी कुत्रा पायाशी बसवला, बंदूक खांद्याला, छाती पुढं. काळ्या फडक्याखाली डोकं घालून मी बघितलं तर काचेवर ते उलटे दिसत होते, ताड खाली आणि बूट वर. मी म्हणालो, "हलू नका." ते अजिबात हलले नाहीत. मामानं नंतर त्यांचं पोट पेन्सिलीनं आत घेतलं. एक प्रत हुजुरांबरोबर हैदराबादेला गेली, एक दर्शनी कपाटात लागली. माझी तिथं पुन्हा लागली नाही.

तो उन्हाळा मी खाली मान घालून काढला. वाचनालयात गेलो की कुणीतरी म्हणायचं, "काय रे, तुझी खोकडं कापडाची निघाली म्हणे." कुणी कानाशी येऊन विचारायचं, "पत्रकांतल्या बातम्याही मामाच रंगवतात का?" ज्यांच्याशी मी सत्यावर तासन्‌तास वाद घातले होते, तेच हे म्हणत होते. आणि मी उत्तर देऊ शकत नव्हतो, कारण वाचनालयात बोललेलं संध्याकाळपर्यंत कचेरीत पोहोचतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पकडला जाण्याची माझी तयारी होती. खोटारडा म्हणून हसं होण्याची तयारी कुठल्याच पत्रकानं करून घेतली नव्हती.

पाऊस लागायच्या सुमारास मावशी बाजाराला आली. मी जिन्यात उभा होतो. ती कपाटाच्या काचेला नाक लावून पेशकारांचा फोटो बघत होती.

"आमच्या माळावर हे झाड कवा उगवलं?"

"मामांनी लावलं."

"आन हा कवा आल्ता? आम्हाला तर दिसला न्हाई."

"आलाच नाही, मावशी."

ती माझ्याकडे वळली. "येणार बी न्हाई?"

"नाही. त्याचं काम झालं."

मी तिला सगळं सांगितलं, हळू आवाजात. पडदा, अंगठा, सगळं. ती ऐकताना मधेच हसली, मग पदर तोंडाला लावला. पिल्लं मोठी झाली, म्हणाली. आता रात्रीची तिच्या खळ्यापर्यंत येतात, उंदीर धरतात. एक जरा लंगडतं, पण पळतं बराबर.

"मंग तोंड पाडून कामून उभा हैस?" ती म्हणाली. "वाचली की."

"फोटो खरा होता, मावशी. लोक म्हणतात पडद्याचा आहे."

"मला ठावं हाय खरा हाय. मी तिथंच व्हते. तू घोंगडीत शिंकून राह्यल्तास, आन ती तुझ्याकडंच बघत व्हती."

साऱ्या मुलखात तेवढी एकच साक्षीदार होती. मी म्हणालो, "मग हे सांगाल का कुणाला? माझ्या मित्रांना तरी?"

मावशीनं डोक्यावरची पाटी सारखी केली आणि रस्त्यावर दोन्हीकडे बघून घेतलं.

"खुळा झालास का?" ती म्हणाली. "माळ माझ्या दारात हाय, तुझ्या न्हाई."

आणि मिठाच्या दुकानाकडे निघून गेली.